फोंड्याच्या वरच्या बाजारातला टेलर आणि दोन पदरी बंडी

मी कदंबचा, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेचा कंडक्टर. वय ५४. गेलं दीड वर्ष मी युनिफॉर्मच्या शर्टाच्या आत फोंड्यातल्या एका टेलरने शिवलेली सुती बंडी घालतो. त्या बंडीबद्दल आणि ती शिवणाऱ्या माणसाबद्दल लिहायचं केव्हापासून मनात होतं. पण बंडी का लागते हे सांगितल्याशिवाय तिचं मोल कळणार नाही, आणि ते सांगायला धीर होत नव्हता. आज सगळं लिहितोच.

हृदयाच्या एका औषधाने माझी छाती बाईमाणसासारखी वाढली. ह्याला डॉक्टर गायनेकोमास्टिया म्हणतात. हा शब्द मला खूप उशिरा कळला. तो आधी कळला असता तर माझं एक अख्खं वर्ष लपवालपवीत गेलं नसतं.

२०२३ च्या जानेवारीत मला हार्ट अटॅक आला. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात स्टेंट घातला, जीव वाचला, पण हृदयाचं पंपिंग, म्हणजे एका ठोक्याला रक्त बाहेर टाकायची ताकद, ३० टक्क्यांवर आलं. घरी येताना जी औषधं मिळाली त्यांत स्पायरोनोलॅक्टोनची २५ मिलिग्रॅमची गोळी होती, रोज एक. काही महिने डेपोत बसून काम केलं, मग पुन्हा वाळपई लाइनवर चढलो. जुलैच्या सुमारास डाव्या स्तनाग्राखाली दुखायला लागलं. मला वाटलं पट्टा घासत असेल. आमची पैशांची बॅग उजव्या बाजूला कमरेशी असते आणि तिचा पट्टा डाव्या खांद्यावरून छातीवर तिरका येतो. सुट्ट्या नाण्यांनी बॅग जड झाली की पट्टा रुततो, हे वीस-बावीस वर्षं चालूच आहे. पण एक दिवस आंघोळ करताना बोटांनी चाचपलं तर आत रबरासारखी चकती लागली. दहाच्या नाण्याएवढी, बोटाखाली सरकणारी. जरा दाबली तर डोळ्यांत पाणी आलं. महिन्याभरात उजवीकडेही तसंच झालं.

ज्यांनी भरल्या बसमध्ये कधी तिकिटं फाडली नाहीत त्यांना हे सांगून समजणार नाही. सकाळच्या गाडीला आडवं होऊनच पुढे सरकावं लागतं. लोकांची कोपरं आणि शाळकरी पोरांच्या पाठीवरची दप्तरं नेमकी छातीच्या उंचीवर येतात. एक धक्का लागला की कळ बगलेपर्यंत जायची. मी तिकिटाचं मशीन छातीसमोर ढालीसारखं धरून चालायला लागलो. खांदे पुढे काढून वाकून उभं राहायची सवय लागली. मान दुखायला लागली ती त्यामुळेच.

घरी बायकोच्या लक्षात आलं होतं. शर्टाला इस्त्री करताना एकदा म्हणाली, "अहो, वरची दोन बटणं ताणली जातायत. वजन तर वाढलेलं नाही तुमचं. डॉक्टरांना सांगितलंत?" मी हो म्हटलं. सांगितलं नव्हतं. बांबोळीला तपासणीला गेलो की डॉक्टर विचारायचे, दम लागतो का, पाय सुजतात का, झोप लागते का. छातीबद्दल ते धडधड आणि दुखणं विचारायचे, आणि मी 'नाही' म्हणून उठून यायचो. मागे नंबर लावून बसलेल्या माणसांसमोर शर्ट वर करायची हिंमत झाली नाही.

त्या वर्षीची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, मला विसरता येत नाही. आमच्या मूळ घरी सगळे भाऊ-चुलतभाऊ एकत्र जमतो. गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधायची, मग आंघोळ करून सोवळं नेसून उघड्या अंगाने पूजेला बसायचं. वडील गेल्यापासून प्राणप्रतिष्ठेला मी बसतो. २०२३ ला मी तब्येतीचं कारण सांगून धाकट्या भावाला बसवलं आणि स्वतः शर्ट घालून सोप्यावर खुर्चीत बसून राहिलो. सगळ्यांना ते खरं वाटलं, कारण अटॅक नुकताच येऊन गेला होता. आत आरती चाललेली आणि मी बाहेर. तेव्हा जे वाटलं ते अजून शब्दांत नीट येत नाही.

आता ज्या वस्तूने मला नुकसान झालं तिच्याबद्दल लिहितो, कारण हे वाचणाऱ्यांतले बरेच जण पहिल्यांदा तीच मागवतील. मोबाइलवर शोधलं की पुरुषांची छाती दाबून सपाट दाखवणारी बनियन लगेच दिसते. मी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ८९९ रुपयांना एक मागवली. कंपनीचं नाव लिहीत नाही. अशा पुष्कळ आहेत आणि कापड सगळ्यांचं बहुतेक एकाच जातीचं, नायलॉन आणि ताणणारा धागा. आरशासमोर उभं राहिलं तर काम करते हे खरं. शर्ट सपाट बसतो. पहिले दोन दिवस मला फार बरं वाटलं.

पण ही वस्तू आपल्या हवेसाठी नाही. घालायलाच पाच मिनिटं लागतात आणि ओल्या अंगावर ती चढतच नाही. गोव्यात अंग कोरडं कधी असतं? खालची कड बसल्यावर गुंडाळून वर येते आणि पोटावर दोरीसारखी आवळते. घाम आत साचतो. आठवड्याभरात बगलेत आणि छातीखालच्या घडीत लाल चट्टे आले, मग खाज, मग नायट्यासारखं काहीतरी, ज्याला वेगळं मलम लावावं लागलं. दुखऱ्या चकतीवर दिवसभर दाब आला तर ती संध्याकाळी जास्त ठणकते. परत द्यावी म्हटलं तर आतले कपडे परत घेत नाहीत.

ह्या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट मार्चमध्ये झाली. दुपारची गाडी, ऊन भयंकर. खांडेपारचा पूल ओलांडला आणि मला छातीवर दाब जाणवायला लागला. श्वास पूर्ण आत जाईना. मी मागच्या सीटवर बसलो. अटॅक येऊन गेलेल्या माणसाला अशा वेळी काय वाटतं ते सांगायला नको. दाब बनियनचा आहे की हृदयाचा, हे मला कळत नव्हतं. ड्रायव्हरने आरशात माझा चेहरा बघितला आणि गाडी बाजूला घेतली. मी उतरून एका झाडामागे गेलो, शर्ट काढला आणि ती बनियन सोलून काढल्यासारखी अंगातून काढली. दोन मिनिटांत श्वास नीट झाला. गाडीत तीस-पस्तीस माणसं वाट बघत होती. हृदयाचा ज्याला त्रास आहे त्याने ही वस्तू अंगात घालू नये, असं मी त्या दिवसापासून ज्याला-त्याला सांगतो. दुखणं ओळखायची आपली जी एक खूण आहे तीच ती बुजवून टाकते.

त्याच्या आधी फेब्रुवारीत मी आणखी एक चूक केली होती, तीही सांगतो. एका मेडिकलवाल्याने छातीकडे न बघताच "चरबी आहे, व्यायाम करा" म्हणून सांगितलं. मला संशय गोळीचाच होता, म्हणून आठ दिवस ती गोळी मनानेच बंद केली. नवव्या दिवशी चपलेचा पट्टा पायात रुतून वळ उठला, इतकी सूज. रात्री उशी उंच केल्याशिवाय झोप येईना. गोळी परत सुरू केली तेव्हा उतरलं.

खांडेपारच्या त्या प्रकारानंतर मी बायकोला सगळं सांगितलं आणि ती माझ्याबरोबर बांबोळीला आली. मी काही बोलायच्या आत तिनेच डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी पडदा ओढला, शर्ट काढायला लावला, दोन्ही बाजूंनी बोटांनी तपासलं, बगलेत गाठी आहेत का बघितलं, स्तनाग्रातून काही येतं का विचारलं. मग म्हणाले, "हे ह्या गोळीने होतं. तुम्ही आठ-नऊ महिने का थांबलात?" डावी बाजू जास्त मोठी होती म्हणून सोनोग्राफी करून घेतली. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत साधारण एक पुरुष असतो, त्यामुळे एकाच बाजूला कडक गाठ, स्तनाग्रातून रक्त किंवा पाणी, कातडी आत ओढली जाणं, असं काही असेल तर तपासल्याशिवाय सोडायचं नाही, असं त्यांनी समजावलं. माझ्या सोनोग्राफीत तसं काही निघालं नाही. मनानेच गोळी बंद केल्याबद्दल मात्र मला चांगलंच ऐकावं लागलं, आणि ते रास्त होतं.

त्यांनी स्पायरोनोलॅक्टोन थांबवून इप्लेरेनोन सुरू केलं. दोन्ही एकाच कामाची औषधं, पण दुसरं महाग. एकाने छाती वाढते आणि दुसऱ्याने नाही, हे असं का, ते माझ्या पुतणीने सांगितलं. ती पणजीच्या फार्मसी कॉलेजात शिकते. तिने वही काढून मला शिकवल्यासारखं शिकवलं. ह्या औषधांचं काम अल्डोस्टेरॉन नावाच्या हार्मोनला अडवायचं. त्याने अंगात मीठ-पाणी साचत नाही आणि हृदयावरचा भार हलका होतो. पण स्पायरोनोलॅक्टोनची ठेवण अशी आहे की ते पुरुषी हार्मोनच्या जागेवरही जाऊन बसतं. पुरुषाच्या छातीत स्तनाची गाठ थोडी तरी असतेच, पुरुषी हार्मोन तिला दाबून ठेवतं. ते अडलं की बायकी हार्मोनचं पारडं जड होतं आणि ती गाठ वाढते. इप्लेरेनोन नेमकेपणाने अल्डोस्टेरॉनच्याच जागेवर बसतं, म्हणून त्याने हा त्रास सहसा होत नाही.

"काका, तुम्ही एकटे नाही," ती म्हणाली, आणि तिने मला १९९९ साली छापून आलेल्या रेल्स नावाच्या अभ्यासाचे आकडे दाखवले. कमजोर हृदयाचे १,६६३ रुग्ण होते. ही गोळी घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांनी कमी झालं. आणि गोळी घेणाऱ्या पुरुषांत शंभरातल्या दहा जणांना छाती वाढायचा किंवा दुखायचा त्रास झाला, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत शंभरात एकाला. शंभरात दहा! म्हणजे माझ्या भरलेल्या बसमध्ये ही गोळी घेणारे पन्नास पुरुष बसले असतील तर त्यांत पाच. मी त्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिलो. ज्या गोळीने माझं हे झालं तिनेच मला ते वर्ष जगवलं असेल, हेही त्याच कागदावर होतं.

नवीन गोळी सुरू केल्यावर दोनेक महिन्यांत दुखणं गेलं. उजवी बाजू जवळजवळ पहिल्यासारखी झाली. डावी उतरली, पण पूर्ण गेली नाही. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे सुरुवातीला ही गाठ मऊ असते तेव्हा औषध बदललं की ती ओसरू शकते. वर्षभर तशीच राहिली तर आत तंतू धरून घट्ट होते, मग सहसा पूर्ण जात नाही. ऑपरेशन करून काढता येते, पण माझं हृदय आणि रक्त पातळ करणारी गोळी बघता त्यांनी "आता नको" म्हटलं. म्हणजे डावी बाजू अशीच घेऊन मला नोकरी करायची आहे. आता बंडीकडे येतो.

दुकान फोंड्याच्या वरच्या बाजारात आहे. नाव आणि नेमका पत्ता लिहीत नाही. मी लिहिणार आहे हे त्याला सांगितलं तेव्हा तोच म्हणाला, "नाव घातलंत तर उद्या माझ्याकडे पँट आखूड करायला आलेल्या माणसाकडेही लोक त्याच नजरेने बघतील." मला ते पटलं. दुकान एका दाराएवढं रुंद. पायाने चालवायची दोन मशीनं, कापायचं टेबल, काज-बटणाला एक मुलगा. मास्तर साठीच्या पुढचा, चष्मा कपाळावर.

मी २०२४ च्या मे महिन्यात तिथे पँटची कंबर कमी करायला गेलो होतो. पँट देताना सवयीने दोन बोटांनी शर्ट छातीपासून पुढे ओढला. हा चाळा मला लागला होता, मला तो कळतही नसे. मास्तरने ते बघितलं. माझ्या खांद्यावरच्या पट्ट्याकडे बोट दाखवून हळूच विचारलं, "पट्टो लागता?" मी हो म्हटलं. त्याने मुलाला चहा आणायला पाठवलं आणि तो गेल्यावर दुसरा प्रश्न विचारला, "वखदाक लागून?" औषधामुळे का, एवढंच. मी मान हलवली. त्याने आधी एका गिऱ्हाइकासाठी असं काही शिवलं होतं, त्याला प्रोस्टेटच्या औषधाने झालं होतं. कोण, कुठला, काही सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

दुकानात कपडे बदलायला जागा नाही, हा मोठा दोष आहे. त्यावर त्यानेच उपाय सांगितला: दुपारी एकला दुकान बंद करतो, तेव्हा या. मी गेलो. त्याने शटर अर्ध्याच्या खाली ओढलं आणि मुलाला जेवायला पाठवलं.

आयुष्यात टेलरकडे माप पुष्कळ वेळा दिलं आहे. टेलर फीत लावतो आणि मोठ्याने आकडा सांगतो, पोरगा वहीत लिहितो, आणि दुकानात उभ्या असलेल्या चार माणसांना आपली छाती-कंबर कळते. मास्तरने एकही आकडा तोंडाने उच्चारला नाही. फीत लावायची, बघायची, पेन्सिलने स्वतः वहीत लिहायचं. छातीचं माप त्याने तीन ठिकाणी घेतलं, बगलेखाली, मध्यावर आणि फासळ्यांवर. मग म्हणाला, "आता हात वर करा, गाडीचा दांडा धरल्यासारखा." तसं उभं करून परत तिन्ही मापं घेतली. बॅग घेऊन यायला सांगितलं होतं, ती गळ्यात घालायला लावली आणि पट्टा जिथून जातो तिथे माझ्या जुन्या गंजीफ्रॉकवर खडूने दोन रेघा मारल्या. फीत दुखऱ्या जागेवर टेकू नये म्हणून खाली दोन बोटं घालून धरत होता. त्या अर्ध्या तासात मी सरळ उभा होतो, खांदे मागे. बऱ्याच महिन्यांनी.

बंडी कशी आहे ते नीट सांगतो, म्हणजे कुणाला आपल्या गावच्या टेलरकडून शिवून घेता येईल. पुढचा भाग दोन पदरी आहे, आत मलमल, बाहेर जरा जाड पॉपलीन. इलास्टिक कुठेही नाही. युक्ती धाग्यात आहे. कापड आडव्या धाग्यात थोडं ओढलं जातं, उभ्यात जवळजवळ नाही. त्याने एक पदर उभा कापला आणि दुसरा आडवा, मग दोन्ही एकत्र टिपले. त्यामुळे एक पदर दुसऱ्याला धरून ठेवतो, कापड अंगाला न आवळता सपाट राहतं. छातीच्या मध्यावर एकही शिवण येत नाही, सगळ्या शिवणी बगलेकडे आणि खांद्यावर. पुढचं कापड खांद्याच्या जोडापासून थेट पोटापर्यंत सरळ उतरतं, छातीच्या उठावाखाली आत वळत नाही. त्यामुळे वरून शर्ट घातला की तोही सरळ पडतो. पाठीला एकच पदर आणि तोही विरळ, वारा लागावा म्हणून.

बगलेखाली दोन्ही बाजूंना बंद आहेत, जुन्या बाराबंदीला असायचे तसे. सकाळी थोडे घट्ट बांधायचे, जेवल्यावर किंवा दम लागल्यासारखं वाटलं तर शर्टात हात घालून सैल करायचे. माझ्यासाठी ही सर्वांत मोठी गोष्ट. श्वासाचा ताबा माझ्या हातात राहतो. डाव्या बाजूला, खडूच्या त्या दोन रेघांच्या मध्ये, चार बोटं रुंद गादी आहे. धुऊन मऊ झालेल्या कापडाचे चार पदर, तिरक्या टिपांनी गोधडीसारखे शिवलेले. पट्टा बरोबर तिच्यावरून जातो. नाण्यांनी भरलेली बॅग असली तरी आता रुतत नाही.

शर्टाबद्दलही त्याने दोन गोष्टी सांगितल्या. छातीत दोन इंच सैल ठेवायचा, पण मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, खोल कापायचा नाही, नाहीतर हात वर केला की पुढचं सगळं कापड वर ओढलं जातं आणि छाती उठून दिसते. आणि पातळ टेरिकॉट टाळायचं, ते घामाने चिकटतं. घरच्या शर्टांना त्याने पुढच्या पट्टीत हलकं कॅनव्हास घालून दिलं, पट्टी ताठ राहिली की दोन्ही बाजू आपोआप सरळ लोंबतात.

पैसे. एका बंडीची शिलाई २२० रुपये, कापड वेगळं. कापड त्याने तिथल्याच दुकानातून आणायला सांगितलं, तीन बंड्यांना मिळून सगळं धरून हजाराच्या थोडं वर गेलं. त्या एका ताणणाऱ्या बनियनचा भाव आठवा.

दोष आहेत, तेही लिहितो. पहिली बंडी दोन धुण्यांत आटली. कापड आधी पाण्यातून काढून घ्यायला हवं होतं, ते घाईत राहिलं. बगलेत काचायला लागली. परत नेली तेव्हा त्याने एकही शब्द न वाढवता कबूल केलं आणि नवीन शिवून दिली, शिलाई घेतली नाही. तुम्ही कुठेही शिवाल तर कापड रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच द्या. दुसरं म्हणजे वेळ. सांगितलेल्या दिवशी कपडा मिळेल असं धरून चालू नका, चार-पाच दिवस वाढवूनच धरा. चवथीच्या आधी महिनाभर तर जाऊच नका, दुकानात उभं राहायला जागा नसते आणि निवांत बोलणं होत नाही. तिसरं, पावसाळा. जुलैत दोन पदरी कापड दोन दिवस वाळत नाही, गादीची जागा तर तीन दिवस ओली राहते आणि कुबट वास येतो. तीन बंड्या पुरत नाहीत, पाच लागतात. मी आता पावसाळ्यासाठी दोन बंड्यांची गादी वेगळी करून घेतली आहे, ती दोन टिचबटणांनी काढता-घालता येते. ही कल्पना बायकोची, मास्तरलाही ती आवडली.

आणि सोवळ्याचं. २०२४ च्या चवथीच्या आधी मी त्याला विचारलं होतं, सोवळ्यात चालेल असं काही शिवता येईल का. त्याने लगेच मान हलवली. "शिवलेलं सोवळ्यात चालत नाही, ते मी तुम्हाला देणार नाही." मग टेबलावरचं कापड बाजूला करून त्याने सांगितलं की नेहमीचं अरुंद रेशमी उपरणं घेऊ नका, ते घसरतं. जाड सुती घ्या, चांगलं लांब-रुंद, पन्हा पूर्ण ठेवा. उभ्याने दोन घड्या घालायच्या, डाव्या खांद्यावरून पुढे घ्यायचं, छातीवरून तिरकं उजव्या कमरेशी आणून नेसणीत खोचायचं. ओलं झालं की सुती कापड अंगाला धरून राहतं आणि हलत नाही. माझ्याच अंगावर एक थान टाकून त्याने तीनदा करून दाखवलं. ह्याचे पैसे घेतले नाहीत, कापडही विकलं नाही.

त्या वर्षी प्राणप्रतिष्ठेला मी बसलो. उपरण्याचा पट्टा बरोबर बॅगेच्या पट्ट्याच्या वाटेनेच जात होता. धाकटा भाऊ शेजारी बसून पळीने पाणी देत होता. त्याने एकदा बघितलं, काही बोलला नाही, आणि उपरण्याचं टोक सुटलं होतं ते हळूच परत खोचून दिलं. यंदाही मीच बसलो.

औषधाबद्दल एक राहिलं. इप्लेरेनोन असो की स्पायरोनोलॅक्टोन, दोन्हींनी रक्तातलं पोटॅशियम वाढतं, म्हणून अधूनमधून रक्त तपासावं लागतं. मला शहाळ्याचं पाणी बंद केलं आहे, आणि कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं तेही, कारण त्यात पोटॅशियम असतं. वाळपई स्टँडवर उन्हाचा शहाळं प्यायचो, ते सुटलं. स्तनाग्राखाली दुखायला लागलं तर पहिल्याच तपासणीला सांगा. नंबर मोठा असेल तर केसपेपरच्या मागे लिहून डॉक्टरांच्या हातात द्या, 'छाती वाढते आहे, दुखते आहे', एवढे शब्द पुरतात. प्रोस्टेटची, मनाच्या आजाराची, केस गळायची काही औषधंही हे करतात, हे पुतणीने सांगितलेलं आहे, तेव्हा हृदयाचा रुग्ण नसलात तरी विचारा.

गेल्या आठवड्यात डेपोत एक ड्रायव्हर माझ्या शेजारी येऊन बसला. बराच वेळ इकडचं-तिकडचं बोलला. उठता उठता विचारलं, "तो तुमचा टेलर दुपारी किती वाजता बंद करतो?" शुक्रवारी आम्हा दोघांनाही पहिली पाळी आहे. एकच्या आधी फोंड्यात पोचतो.